गल्लीत अर्ध्यांचे टीव्ही जळाले, अर्ध्यांचे दिवे मिणमिणले: डीपीवर नक्की काय झालं?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. संध्याकाळी साडेसातची वेळ, भुरभुर पाऊस. एकदम तुमच्या घरातले दिवे भगभगले आणि टीव्ही, राउटर आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर गेला. त्याच वेळी समोरच्या दोन घरांत पंखा रेंगाळत होता, ट्यूब लागत नव्हती. मागच्या ओळीतल्या घरांना तर काहीच झालं नाही. वायरमन आला, डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा मिनिटं काहीतरी केलं आणि सगळं सुरळीत झालं. आता गल्लीत चर्चा आहे की 'अकरा हजारांची लाईन घरात शिरली'. हे खरं का, आणि मुळात खांबावरून घरात वीज येते कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी ३२ वर्षं लाईनवर काढली, त्यातली निम्मी खांबावर चढून आणि निम्मी खाली उभं राहून ओरडत. त्या जोरावर सांगतो: अकरा हजार शिरले नाहीत. शिरले असते तर टीव्हीवर भागलं नसतं, मीटर, बोर्ड, भिंतीतली वायर सगळं काळं पडलं असतं. तुमच्या घरात जे जादा व्होल्टेज आलं ते वरून आलेलं नव्हतं, तुमच्या गल्लीतलंच होतं. समोरच्या घरातून फिरून तुमच्याकडे आलं. डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे सगळ्या घरांची वीज परत नेणारी सामाईक तार, सुटला होता.

हे पटायला थोडं मागून यावं लागेल.

वीजनिर्मिती केंद्रातून वीज निघते ती ४००, २२०, १३२ हजार व्होल्टच्या मनोऱ्यांवरून. पुढे ३३ हजारांवर उतरते, तालुक्याच्या सबस्टेशनात ११ हजार होते आणि तिथून फीडर निघतात. पुणे परिसरात अकराऐवजी बावीस हजारांच्या लाईनी सर्रास दिसतात, तत्त्व तेच. हा फीडर म्हणजे गावाच्या कडेने जाणाऱ्या खांबांवरच्या त्या तीन तारा. प्रत्येक वस्तीजवळ त्याला टॅप मारून खाली रोहित्र बसवलेलं असतं. 'रोहित्र' हा शब्द कागदावर. बोलताना सगळे डीपीच म्हणतात. खरं तर डीपी म्हणजे डबल पोल, ज्या दोन खांबांच्या मधे रोहित्र ठेवतात ते खांब. पण लोकांनी खांबांचं नाव डब्याला दिलं, आणि आम्हीही 'डीपी जळाली' असंच म्हणायला लागलो.

वस्तीसाठी साधारणपणे ६३, १०० किंवा २०० केव्हीएची (केव्हीए हे क्षमतेचं माप) डीपी असते. १०० ची घ्या. पूर्ण लोडवर असताना तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे ११ हजारांच्या तारेत, जेमतेम सव्वापाच अँपिअर असतात. खालच्या बाजूला, ४३३ व्होल्टवर, दर फेजला, म्हणजे खाली निघणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी प्रत्येकीत, १३३ अँपिअर. शक्ती तीच, पण व्होल्टेज वाढवलं की प्रवाह कमी होतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दूरवर न्यायची वीज चढ्या व्होल्टेजवर नेतात आणि घराच्या जवळ आल्यावरच उतरवतात. डीओची, म्हणजे वरच्या त्या तिरक्या नळ्यांची, फ्यूज तार तुम्ही हातात घेतली तर म्हणाल ही एवढीशी तार अख्खी गल्ली पेलते? पेलते, कारण तिच्यातून वाहतंच थोडं.

रोहित्राच्या आत एकही फिरणारा भाग नाही. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर दोन-दोन गुंडाळ्या, भोवती तेल. वरच्या गुंडाळीवर ११,००० व्होल्ट, खालच्या प्रत्येक गुंडाळीवर २५०, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण ४४ ला १. 'हूं' असा जो आवाज येतो तो तेल उकळण्याचा नाही. पन्नास हर्ट्झच्या विजेने गाभ्याचे पत्रे सेकंदाला शंभर वेळा सूक्ष्म ताणले-आकसले जातात, त्याचा तो आवाज. तेल थंड ठेवतं आणि गुंडाळ्या एकमेकींपासून तोडून ठेवतं. ते तेल चोरीला गेलं की डीपी जळते. आणि चोरीला जातं, हे तुम्ही गावाकडच्या असाल तर मी सांगायला नको.

घराला २३०-२४० लागतात, मग २५० का? कारण डीपीपासून शेवटच्या घरापर्यंत काही व्होल्ट वाटेत खर्च होतात. लाईनच्या अॅल्युमिनियम तारांना प्राण्यांची नावं आहेत: विझल, रॅबिट, डॉग. ब्रिटिशांची पद्धत, अजून चालू आहे. मधे पोलादाची तार, भोवती अॅल्युमिनियमच्या. विझल तारेला किलोमीटरमागे साधारण ०.९ ओहम रोध असतो. डीपीपासून ३०० मीटरवरच्या घरांनी एका फेजवर ४० अँपिअर ओढले, तर जाण्या-येण्याच्या ६०० मीटरमध्ये वीस-बावीस व्होल्ट गेले. टोकाच्या घराला संध्याकाळी २२० मिळतात आणि पहाटे तीनला २४५, ते यामुळे. त्यात कुणाची लबाडी नसते.

आता मूळ मुद्दा. वरून येणाऱ्या तारा तीनच. खाली डीपीच्या पेटीतून गल्लीत मात्र चार निघतात, रस्त्यावरच्या दिव्यांची धरून पाच. ही चौथी कुठून आली? ती डीपीतच जन्मते. खालच्या तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोकं आत एकत्र जोडलेली असतात. त्या जोडातून निघते ती न्यूट्रल, आणि तो जोड तिथेच जमिनीत अर्थ केलेला असतो. उरलेली तीन टोकं म्हणजे आर, वाय, बी फेज. एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २४०, दोन फेजच्या मधे ४१५. तुमच्या घरात एक फेज आणि न्यूट्रल. समोरच्यांकडे दुसरा फेज, पण न्यूट्रल तोच. मागच्या ओळीला तिसरा फेज, न्यूट्रल पुन्हा तोच.

'न्यूट्रलमध्ये वीज नसते' असं बरेच इलेक्ट्रिशियनसुद्धा सांगतात. चूक. तिन्ही फेजवर अगदी सारखा लोड असेल तरच त्यात काही वाहत नाही, कारण तिघांच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. ८०, ६० आणि ४० अँपिअर असा लोड असेल तर सुमारे ३५ अँपिअर न्यूट्रलमधून परततात. शिवाय एलईडी, टीव्ही, संगणक वीज सलग ओढत नाहीत, झटक्याझटक्याने ओढतात. त्यातला काही भाग तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये बेरजेनेच येतो, खोडला जात नाही. पूर्वी न्यूट्रल बारीक ठेवली तरी निभायचं, आता नाही निभत.

असं समजा, एका लोखंडी कडीला तीन बाजूंनी तीन दोर बांधलेत आणि तीन गडी ओढतायत. कडी मधोमध पक्क्या खुंटीला अडकवलेली आहे. कुणी कितीही जोर लावो, कडी जागची हलत नाही, म्हणून प्रत्येक दोराची लांबी तेवढीच राहते. न्यूट्रल ही ती खुंटी, दोराची लांबी म्हणजे तुमचं व्होल्टेज. आता खुंटी उपसा. कडी ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे सरकणार. त्याचा दोर आखूड होणार आणि दुसऱ्यांचा लांब. म्हणजे ज्या फेजवर लोड जास्त त्याचं व्होल्टेज पडतं, आणि ज्यावर लोड कमी त्याचं चढतं.

आकड्यात बघा. समोर गीझर चालू, २००० वॅट. तुमच्याकडे टीव्ही, दिवे मिळून २०० वॅट. तिसऱ्या फेजवर क्षणभर काहीच नाही असं धरू. न्यूट्रल गेल्यावर दोन्ही घरं एकामागे एक, माळेतल्या दिव्यांसारखी, ४१५ व्होल्टला जोडली जातात. वाटणी लोडच्या उलट प्रमाणात होते: गीझरवाल्याला सुमारे ३८ व्होल्ट, तुम्हाला ३७७. गल्लीत खरं तर तिन्ही फेजवर काही ना काही चालू असतं, त्यामुळे आकडे इतके टोकाचे नसतात, आणि मागच्या ओळीसारखा एखादा फेज योगायोगाने २४० च्या आसपास राहूनही जातो. पण ३०० च्या वर काही सेकंद पुरतात. तुमच्या स्टॅबिलायझरची मर्यादा त्याच्या आसपासच असणार, तो स्वतःच गेला. यात दुष्टपणा असा की कमी वीज वापरणाऱ्याचंच घर जळतं.

न्यूट्रल सुटतो कुठे? बहुतेक वेळा डीपीच्या नटबोल्टला किंवा पेटीच्या जंपला, म्हणजे जोडतारेला, जिथे अॅल्युमिनियम आणि तांबं एकत्र येतात. रोज संध्याकाळी तापायचं, पहाटे गार व्हायचं. आकसत-प्रसरत जोड ढिला होतो, त्यावर पांढरी भुकटी चढते आणि पहिल्या-दुसऱ्या पावसात राम म्हणतो. जोड सुटायच्या आधी आठ-दहा दिवस दिवे मधूनच लुकलुकतात. 'आमच्याकडे एक पंप चालू झाला की शेजारच्यांचे दिवे वाढतात' अशी तक्रार आली, की मी माणसाला आधी न्यूट्रलचा बोल्ट बघायला पाठवायचो. दिवे कमी होणं समजू शकतं. वाढणं ही न्यूट्रलची सही आहे.

वायरमन खाली उभा राहून बिघाड कसा ओळखतो, तेही सांगतो. एका फेजच्या सगळ्या घरांत अंधार आणि बाकी ठीक, तर पेटीतला किटकॅट, म्हणजे चिनी मातीच्या पकडीतला फ्यूज, उडाला. एक फेज चढलेला, एक पडलेला, तर न्यूट्रल. आणि दोन फेजवर निम्मी वीज, तिसऱ्यावर पूर्ण, असं असेल तर खाली शोधून काही सापडत नाही, वर बघायचं. एक डीओ पडलेला असतो किंवा ११ हजारांचा एक जंप तुटलेला. याचं कारण गमतीदार आहे. वरच्या तीन गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात. एक तार गेली की एका गुंडाळीला पूर्ण ११ हजार मिळत राहतात, पण उरलेल्या दोघी एकामागे एक पडतात आणि ११ हजार आपसात वाटून घेतात. खाली दोन फेजवर साधारण सव्वाशे व्होल्ट. यात फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता घुमतो, फिरत नाही, आणि जळतो. पूर्वी साठचा पिवळा बल्ब लालसर व्हायचा, घरातली म्हातारी माणसंही ओळखायची. आताचे बरेचसे एलईडी शंभर-सव्वाशेलाही लख्ख पेटतात, त्यामुळे पत्ताच लागत नाही.

फक्त तुमच्या एकट्याच्या घराचा न्यूट्रल तुटला, म्हणजे खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचा, तर काही जळत नाही, सगळं बंद पडतं. खूण अशी की सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि पंखा मात्र हलत नाही. लोक म्हणतात 'दोन फेज आले'. आले नाहीत. तुमच्याच दिव्यातून फिरून आलेला फेज परतीची वाट नसल्यामुळे न्यूट्रलच्या तारेत अडकून बसलाय.

आणि इथेच सगळ्यात जीवघेणी युक्ती होते. गावातला हुशार पोरगा येतो, न्यूट्रल नाही ना, मग अर्थिंगची तार न्यूट्रलला लावून देतो. दिवे लागतात, चहा होतो. आमच्या भागात एका घरी असंच केलेलं होतं, फेब्रुवारीपासून. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला, जमीन वीज शोषेना, आणि अर्थला जोडलेलं सगळं, फ्रिजची बॉडी, वॉशिंग मशीन, पत्र्याची मोरी, जिवंत झालं. त्या घरची बाई भांडी घासताना फेकली गेली, वाचली. मी गेलो तेव्हा घरमालक म्हणाले, 'साहेब, लाईट तर येत होती.' ज्याने हे केलं त्याला मी आजही इलेक्ट्रिशियन म्हणणार नाही.

दुसरी युक्ती फेज बदलायची. आपला फेज गेला की कुणीतरी दुसऱ्याकडून वायर ओढतो किंवा पेटीत जाऊन किटकॅटमध्ये जाड तार घालतो. १३३ अँपिअरच्या डीपीचा एक फेज दोन गल्ल्या ओढायला लागतो. गणपतीत आणि लग्नसराईत तारेवर आकडे पडतात ते वेगळेच. दोन तासांत तोही जातो आणि मग तिसरा. डीपी शेवटी जळते ती त्या एका रात्रीने नाही, अशा पन्नास रात्रींनी. गुंडाळीवरचा कागद करपत जातो आणि तेल काळं पडतं.

जनरेटरचं मी मुद्दाम सांगतो, कारण हे सुशिक्षित लोक करतात. रोहित्र दोन्ही दिशांनी चालतं. वरून ११ हजार दिले तर खाली २५०. खालून २४० घातले तर वर दहा हजारांच्या वर. मेन स्विच न पाडता जनरेटर घराच्या बोर्डात घुसवला, तर वीज सर्व्हिस वायरवरून डीपीत आणि तिथून वरच्या लाईनवर जाते. एकदा आम्ही परमिट घेऊन, सबस्टेशनातून फीडर बंद करून, तुटलेली तार बांधायला चढत होतो. नियमाप्रमाणे डिस्चार्ज रॉड, म्हणजे लाईन जमिनीला जोडणारी दांडी, टाकला आणि 'फट' आवाज होऊन ठिणगी उडाली. बंद लाईनवर. दोनशे मीटरवर एका दुकानात जनरेटर लावला होता. तो रॉड टाकायचा कंटाळा केला असता तर हा मजकूर लिहायला मी नसतो. दुकानदाराला वाटत होतं, आपण फक्त आपला फ्रीजर वाचवतोय. तुमच्याकडे जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विच लावा, ज्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते. छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर ग्रिड गेली की आपोआप बंद होतो तो याचसाठी. लोक विचारतात, ऊन आहे, पॅनेल आहे, मग वीज का नाही? खांबावर कुणीतरी असू शकतं म्हणून नाही.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, आमच्याकडे दर चार-पाच घरांमागे खांबावर एक पिंप असतं. बरोबर, तिकडची पद्धत वेगळी. एक फेज खाली उतरवून त्याच्या मधोमध न्यूट्रल काढतात, दोन्ही बाजूंना १२० आणि टोकाटोकांत २४०. डीपी लहान, घरं थोडी, तारा आखूड. पण मधला न्यूट्रल तुटला की तिथेही एका बाजूचे दिवे चढतात, दुसऱ्या बाजूचे पडतात. त्याने मागच्या हिवाळ्यात मला तोच व्हिडिओ पाठवला होता.

आता तुम्ही काय करायचं. एमसीबीवर विसंबू नका, तो जास्त प्रवाहाला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही. मीटरनंतर अंडर-ओव्हर व्होल्टेज रिले मिळतो, साधारण २७० च्या वर आणि १७० च्या खाली घर तोडतो आणि थोड्या वेळाने परत जोडतो. हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी तोच घ्या. घर जुनं असेल तर मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही किटकॅट आहे का बघून घ्या. असेल तर काढून तिथे जाड पट्टी टाकायला सांगा, न्यूट्रलला फ्यूज नसतो. जळलेला टीव्ही भंगारात घालू नका. पॉवर सप्लायच्या पाटीवर एक गोल निळी किंवा पिवळी चकती असते, ती जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन फुटते. पुष्कळदा ती आणि शेजारचा फ्यूज बदलला की टीव्ही उठतो.

पुन्हा असं झालं तर आधी मेन पाडा, एकेक उपकरण काढत बसू नका. मग १९१२ ला फोन करा आणि नुसतं 'लाईट गेली' म्हणू नका. सांगा की आमच्याकडे दिवे वाढले आणि समोर कमी झाले. एवढ्या वाक्याने वायरमन किटकॅट तपासण्यात वेळ न घालवता थेट न्यूट्रलकडे जातो आणि मधल्या वेळात वाचायचे ते चार-सहा टीव्ही वाचतात. आणि येता-जाता डीपीच्या पेटीचं दार उघडं लोंबताना दिसलं, तर तेही कळवा. आत सरडा शिरतो, त्याच्यामागे मांजर शिरतं, आणि मग रात्री दोनला मला, म्हणजे आता माझ्या जागी आलेल्या पोराला, उठावं लागतं.